बारकूचं वजन

बारकू हे नाव त्याला जन्मताच पडलं. सातव्या महिन्यात जन्मलेलं मुठीएवढं मूल आईने कापसात गुंडाळून जगवलं होतं. पुढे तो असा काही वाढला की एक्कावन्नाव्या वर्षी काट्यावर एकशे नऊ किलो भरला, तरी नाव बारकूच राहिलं. तो लिफ्टचा मिस्त्री होता. शहरातल्या चाळीसएक इमारतींच्या लिफ्टची देखभाल तो आणि त्याचा जोडीदार मिळून करायचे. जोडीदार ताडासारखा उंच आणि काटकुळा, म्हणून त्याला सगळे लंबू म्हणत. लिफ्टमधल्या ‘फक्त आठ माणसांसाठी’ या पाटीकडे बोट दाखवून लंबू म्हणायचा, "म्हणजे सहा माणसं आणि आमचा बारकू." यावर सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो बारकूच.

राहायचा तो थोरल्या बहिणीकडे. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. बारकूचं लग्न दोन वर्षांत मोडलं आणि पुन्हा करायचं त्याने कधी मनावर घेतलं नाही. तेव्हापासून दोघं भावंडं तळमजल्यावरच्या घरात एकत्र राहत. रस्त्याकडच्या खोलीत ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि झोपायच्या दोन लहान खोल्या. पँटी आखूड कर, चेन बदल, कोटाचं अस्तर शिव, कुणाची कंबर सैल कर, कुणाची आवळ, असं तिचं दिवसभर चालायचं. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला इतकी सवय होती की टाचण्या नसतानाही ती ओठ मिटूनच बोलायची.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत बारकूच्या रक्तात साखर निघाली. थोडीथोडकी नाही, चांगली भरपूर. त्याने तो कागद तीन दिवस डब्याच्या पिशवीत ठेवला. चौथ्या दिवशी पिशवी धुवायला घेताना तो ताईच्या हाती लागला. ती रागावली नाही की रडली नाही. तिने हात पुसले, कागद पुन्हा एकदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

तिच्या या घाईमागे कारण होतं. त्यांची आई याच दुखण्याने गेली. आधी पायाच्या अंगठ्याला साधी जखम झाली, मग पाऊल कापावं लागलं, मग गुडघ्यापर्यंतचा पाय. दोन वर्षं रोज सकाळी त्या जखमेची पट्टी ताईने बदलली होती. बारकू तेव्हा शिकाऊ होता, दिवसभर कामावर असायचा. जे पाहिलं ते ताईने एकटीने पाहिलं.

दवाखान्यात दर मंगळवारी संध्याकाळी आहाराचा वर्ग भरायचा. दहा-बारा माणसं खुर्च्या गोल मांडून बसत आणि आहारतज्ज्ञ बाई त्यांना शिकवत. बाई वयाने लहान होत्या, पण बोलणं स्पष्ट. त्यांनी सांगितलं, उपाशी राहायचं नाही आणि कुठल्याही जादूच्या मागे लागायचं नाही. ताटाचा अर्धा भाग भाजीचा, पाव भाग डाळी, अंडी किंवा मासळीचा, उरलेला पाव भाग भाताचा नाहीतर पावाचा. आधी भाजी खायची, भात शेवटी. फळ चावून खायचं, त्याचा रस काढून प्यायचा नाही. जेवण झालं की पंधरा मिनिटं चालायचं. वजनातले दहा किलो गेले तरी साखर बरीच ताब्यात येते, गोळ्याही कमी होऊ शकतात. बारकू मान डोलवत होता. ताई लिहून घेत होती.

घरी आल्यावर तिने कपडे बेतायचा तपकिरी कागद घेतला, ताटाच्या आकाराचा गोल कापला आणि त्यावर खडूने तीन भाग आखले. महिनाभर बारकूचं जेवण त्या गोलावर मापून वाढलं गेलं. घरातली साखर, बिस्किटं, मुरंबे यांची तिने शेजाऱ्यांत वाटणी केली. स्वतःही तेच जेवू लागली. जेवण झालं की दोघं कोपऱ्यावरच्या पोस्टापर्यंत चालत जात आणि परत येत. सुरुवातीला बारकूला धाप लागायची. तो दिव्याच्या खांबाला टेकून म्हणायचा की मी खांब तपासतोय, आणि ताई त्याला तेवढा वेळ द्यायची.

पहिले पाच महिने त्याने खरोखर जीव तोडून केलं. दर मंगळवारी वर्गाआधी वजन व्हायचं आणि ताई ते एका वहीत टिपायची. एकशे नऊचे शहाण्णव झाले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणीही चांगली आली. ताईने त्याच्या चार पँटी कंबरेत आवळल्या.

मग काटा अडला. शहाण्णव, शहाण्णव, साडेशहाण्णव, शहाण्णव. बाई म्हणाल्या की असं होतं, शरीर थोडं थांबतं, चिकाटी सोडू नका. पण ताईला ते पटेना. तिने संध्याकाळचा दुसरा पाव बंद केला. दुपारच्या डब्यात काकडी वाढवली. मंगळवारी ती काट्यापाशी उभी राहायची, आकडा बघायची आणि काहीच न बोलता वहीत लिहायची. असे तीन महिने गेले.

आणि मग वजन पुन्हा उतरू लागलं. आधी एक किलो, मग दीड, मग एकाच पंधरवड्यात दोन. ताईला वाटलं, दुसऱ्या पावाची मात्रा लागू पडली. बारकू आताशा ताटातलंही सगळं संपवायचा नाही, पुरे म्हणायचा. ज्या माणसाच्या ताटातलं शीतसुद्धा कधी उरलं नव्हतं तो आपणहून पुरे म्हणतोय, हे पाहून तिला भरून यायचं.

वजन नव्वदच्या खाली गेलं त्या मंगळवारी आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला गोलाच्या मध्ये उभं केलं आणि कसं जमवलंत ते सगळ्यांना सांगायला लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बारकू बुटांकडे बघत म्हणाला, "माझं काही नाही, सगळं ताईचं आहे." ताई त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होती. दुकानात येणाऱ्या बायका तिला विचारू लागल्या, भावाला काय खायला घालता? ती त्यांना कागदाचे गोल कापून द्यायची. लंबू म्हणाला, आता लिफ्टमध्ये सात माणसं आणि बारकू.

तेवढ्यात सरासरीची तपासणी पुन्हा झाली आणि साखर वाढलेली निघाली. दवाखान्यातले डॉक्टर चक्रावले. वजन एवढं उतरलंय आणि साखर वर जातेय, हे जुळत नव्हतं. त्यांनी बारकूला विचारलं, बाहेर काही खाणं होतं का? बारकूने उत्तर द्यायच्या आधीच ताई बोलली. तिला तो प्रश्न लागला होता.

"माझ्या हातचं खातो तो, डॉक्टर," ती म्हणाली. "घास न् घास मोजलेला असतो. मी सांगते ना तुम्हाला."

डॉक्टरांनी बारकूकडे पाहिलं. बारकू म्हणाला, "ताई म्हणते ते खरं आहे."

मग डॉक्टरांनी समजूत करून घेतली ती अशी, की वजन पथ्याने उतरतंय आणि आजार आपल्या गतीने पुढे चाललाय. त्यांनी आणखी एक गोळी लिहून दिली आणि दोन महिन्यांनी बोलावलं.

त्या दोन महिन्यांत बारकूची पाठ दुखू लागली. जेवलं की पोटाच्या वरच्या भागातून कळ निघायची आणि पाठीत जायची. तो म्हणायचा, मोटर उचलताना लचकली असेल. ताई शेक द्यायची. वजन ब्याऐंशीवर आलं तेव्हा तिलाही आतून कुठेतरी चुकचुकलं. गळ्याची हाडं वर आली होती, शर्टाचे खांदे दंडावर उतरत होते. पण बाईंनी सांगितलेलं उंचीप्रमाणे योग्य वजन शहात्तर होतं. ती मनाला समजवायची की अजून सहा किलो आहेतच.

शेवटी ओळखलं लंबूने. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत दोघं दोराला वंगण लावत होते. खिडकीतून सरळ ऊन येत होतं. बारकूने मान वर केली आणि लंबूला त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. अंगही सारखं खाजवत होता. लंबूने हातातला बोळा खाली टाकला, लिफ्ट बंद असल्याची पाटी लावली आणि तिथूनच त्याला मोठ्या रुग्णालयात नेलं. ताईला फोन तिथून केला.

रुग्णालयातली पोटाच्या विकारांची डॉक्टर पन्नाशीची, शांत बाई होती. तिने बारकूचं पोट हाताने तपासलं आणि विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? ताईने पिशवीतून वही काढून पुढे केली. वही घरून निघताना तिने आठवणीने घेतली होती. पंचाहत्तर मंगळवार ओळीने लिहिलेले होते. डॉक्टरने पानं उलटली, मग वही मिटून मांडीवर ठेवली आणि ताईकडे न बघता बारकूला विचारलं.

"हे सगळं तुम्ही ठरवून कमी केलंत का?"

ताई म्हणाली की हो, त्याने फार मेहनत घेतली. डॉक्टरने हात वर करून तिला थांबवलं.

"पहिले तेरा किलो ठरवून," बारकू म्हणाला. "नंतरचे नाही."

"नंतरचे कसे गेले?"

"माहीत नाही. नंतर मी खात होतो. बाहेर. रोजच."

ताईला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. मग तिने विचारलं, "काय खात होतास?"

"सगळं," तो म्हणाला.

खोलीत तिघंच होती. डॉक्टर वही उघडून एक आकडा पुन्हा बघत होती. एवढं खाऊनही चौदा किलो गेले होते. त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही, डॉक्टरच्या चेहऱ्यावरून ताईने तो वाचला.

पुढच्या आठवड्यात सगळ्या तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पसरली होती. कापून काढण्यासारखी राहिली नव्हती. कावीळ उतरावी म्हणून आत एक नळी बसवली, आणि औषधांनी दुखणं काबूत ठेवता येईल, एवढंच. बारकूला झोप लागली होती तेव्हा ताई डॉक्टरच्या मागोमाग बाहेर गेली आणि जे विचारायचं ते तिने तिथल्या बाकावर बसून विचारलं. त्याने खरं सांगितलं असतं, किंवा मी त्या दिवशी मध्ये बोलले नसते, तर?

डॉक्टर तिच्याजवळ बसली. "कदाचित दोन-तीन महिने आधी कळलं असतं," ती म्हणाली. "तेवढ्याने तो वाचला असता का, ते मी सांगू शकत नाही. हा आजार फार लपून राहतो. पण एक ऐका. त्याने गोड खाल्लं म्हणून हे झालेलं नाही आणि तुम्ही कमी वाढलंत म्हणूनही नाही."

ताईने मान हलवली. मग तिने जेवणाचं विचारलं. डॉक्टर म्हणाली, आता पथ्य नको. साखर फार वर जाणार नाही तेवढं गोळ्यांनी आपण बघू. त्याला जे आवडेल, जे पोटात जाईल ते खाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी बारकू घरी आला. ताईने मोठं ताट काढलं. भात नेहमीच्या तिप्पट वाढला, वर लोणी घातलं, बाजूला शेजारणीकडून आणलेला मुरंबा ठेवला. बारकू ताटाकडे बघत राहिला.

"डॉक्टर काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"खा म्हणाली."

"सगळं?"

"सगळं."

त्याने हातातला चमचा खाली ठेवला. रुग्णालयात त्याला आजाराचं नाव सांगितलं होतं, किती दिवस ते कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याला ताटावरून कळलं. दोन घास खाऊन तो उठला आणि ताईने ते ताट तसंच उचलून आत नेलं.

त्यानंतर सहा दिवस ताई त्याच्याशी कामापुरतं बोलली. गोळी घे, पाणी पी, कूस बदल. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, मरायला टेकलेल्या माणसावर कोणी रुसतं का, पण राग जात नव्हता. तिने त्याच्यासाठी दीड वर्ष स्वतःही पथ्य पाळलं होतं. बायकांना कागदाचे गोल कापून दिले होते. डॉक्टरसमोर त्याच्यासाठी शब्द दिला होता. आणि तो तिथेच बसून म्हणाला होता, ताई म्हणते ते खरं आहे. कात्री चालवता चालवता तिला ते वाक्य ऐकू यायचं आणि कापड वाकडं कापलं जायचं.

त्याला एकटं वाटू नये म्हणून तिने त्याची खाट दुकानाच्या खोलीत, खिडकीखाली आणून टाकली होती. सातव्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ती मशीनवर होती.

"ताई, विचार ना," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"कुठे कुठे खाल्लं ते."

तिने मशीन थांबवलं नाही, पण पाय हळू केला. तो सांगू लागला. सुरुवात कशी झाली तेही त्याने सांगितलं. शहाण्णववर काटा अडला होता, तेव्हा एका कचेरीच्या इमारतीत तिथल्या उपाहारगृहवाल्याने त्याला बोलावून तळलेल्या बटाट्यांची बशी पुढे केली. त्याने खाल्ली. मंगळवारी तो काट्यावर डोळे मिटून उभा राहिला, पण वजन वाढलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा खाल्लं. तेव्हा तर एक किलो उतरलं. त्याला वाटलं, अंगाला सवय लागली, आता आपल्याला सगळं माफ.

मग सोमवारी उपाहारगृह, बुधवारी परिचारिकांच्या वसतिगृहातली खीर, गुरुवारी बेकरीच्या मागच्या दारातून मिळणारे तुटके केक. बेकरीवाल्याची मालवाहू लिफ्ट सारखी अडायची आणि ती अडावी अशी बारकू मनातून प्रार्थना करायचा. एकदा त्याने जॅम भरलेले दोन पाव हत्यारांच्या पेटीत, वंगणाच्या फडक्याखाली लपवले. खाताना तोंडभर ग्रीसची चव आली, तरी दोन्ही खाल्ले. मग दिवसभर लंबूला म्हणत राहिला की माझ्या ढेकरांना लिफ्टचा वास येतोय.

ताई हसली. तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं आणि मग मशीनवर डोकं टेकवून ती रडली. ती थांबल्यावर तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"काटा अडला होता तेव्हा तू आकडा बघायचीस आणि काही बोलायची नाहीस," तो म्हणाला. "शिव्या दिल्या असत्यास तर चाललं असतं. मग वजन उतरायला लागलं आणि तू हसायला लागलीस. आई गेल्यापासून तुला तसं हसताना मी बघितलं नव्हतं. मग मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

ती उठली, त्याच्या पाठीमागची उशी सारखी केली आणि खाटेच्या कडेला बसली. त्या दिवसापासून रोज दुपारी तो सांगायचा आणि ती ऐकायची. हळूहळू तिच्या लक्षात आलं की तो नुसते पदार्थ सांगत नाहीये. कोणत्या इमारतीत कोण राहतं, कोणाचा मुलगा परदेशी गेलाय, कोणाच्या घरात फोन वाजला की कुत्रं भुंकतं, हे सगळं त्याला ठाऊक होतं. माणसं त्याला दारात उभं करून बोलायची आणि हातात काहीतरी ठेवायची. घरात त्याच्या तोंडून यातलं एक अक्षर कधी निघालं नव्हतं, कारण माणसांचं सांगायचं तर खाण्याचंही सांगावं लागलं असतं.

सगळ्यांत जास्त तो एका पियानो शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंबद्दल बोलायचा. सहाव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लिफ्ट बंद पडली की त्यांचे विद्यार्थी यायचे नाहीत, म्हणून त्या बारकूची वाट बघत असायच्या. दर शुक्रवारी त्यांच्याकडे सफरचंदाचा केक असायचा. बारकू टेबलाशी बसून दोन तुकडे खायचा आणि त्या त्याला काहीतरी वाजवून दाखवायच्या.

तो अकरा आठवडे जगला. खाण्यावर आता बंधन नव्हतं, पण त्याला काही जात नव्हतं. ताई अंडं फेटून द्यायची, दुधात केळं कुस्करून द्यायची, भाताची पेज करून चमच्याने भरवायची. एकेकाळी जिने त्याच्या ताटातला पाव काढून घेतला होता, तीच आता अर्ध्या वाटीसाठी त्याची मनधरणी करत होती. चार चमचे गेले की तिला दिवस चांगला गेला असं वाटायचं. लंबू दर रविवारी येऊन त्याची दाढी करायचा. आहारतज्ज्ञ बाईही एकदा येऊन गेल्या. त्या रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, टाळ्या वाजवण्याआधी मीच चार प्रश्न विचारायला हवे होते. बारकूने त्यांना सांगितलं की पहिले तेरा किलो तुमचेच आहेत, ते खरे होते. एका सकाळी ताई त्याचं अंग पुसायला कोमट पाणी घेऊन आली, तोवर तो गेला होता.

तेराव्या दिवशी तिने दुकान उघडलं. काम साचलं होतं ते उपसलं. पण एक गोष्ट तिच्या मनात ठसठसत होती. बाकी सगळ्यांना तिने माफ केलं होतं, बेकरीवाल्याला, वसतिगृहाला. ती पियानोवाली बाई मात्र डोक्यातून जाईना. दर शुक्रवारी दोन तुकडे. माणूस डोळ्यांदेखत अर्धा होत होता, ते त्या बाईला दिसलं नाही का? महिन्याभराने तिने लंबूकडून पत्ता घेतला. काय बोलायचं ते बसमध्ये मनात नीट जुळवून ठेवलं होतं.

दार उघडलं ते ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत चालणाऱ्या बाईने. चष्म्याच्या काचा जाड होत्या. तिने चेहरा ताईच्या अगदी जवळ आणला, तेव्हा ताईला समजलं की हिला धड दिसतच नाही. ताईने सांगितलं, मी लिफ्टवाल्या बारकूची बहीण.

"ताई?" म्हातारी म्हणाली. "या, या. तो फार बोलायचा तुमच्याबद्दल. कुठे आहे तो? आता एक नवा येतो, पाणीसुद्धा घेत नाही."

ताईने सांगितलं. म्हातारीने भिंतीला धरून खुर्ची शोधली आणि बसली. पियानोवर एक पातळ चादर घातलेली होती. मग म्हातारीने विचारलं, काय झालं होतं? पोटाचं दुखणं, असं ताई म्हणाली.

मग म्हातारीने हळूच विचारलं, "माझ्याकडे तो फार खायचा. त्याने काही अपाय तर झाला नाही ना? त्याला काही पथ्य होतं का?"

बसमध्ये जुळवलेलं सगळं ताईच्या ओठांवर होतं. तिने त्या जाड काचांमागच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "पथ्य कसलं? त्याला सगळं चालायचं. तुमचा केक तर त्याला फार आवडायचा."

म्हातारीचा चेहरा सैल झाला. ती उठून चाचपडत आत गेली आणि चहा घेऊन आली. ताई तासभर तिथे बसली. बारकू कुठे बसायचा, काय बोलायचा ते तिने विचारून घेतलं. म्हातारीने त्याला आवडायचं ते वाजवून दाखवलं, मधेच चुकली, पुन्हा सुरुवात केली. निघताना तिने ताईला पुन्हा यायला सांगितलं आणि ताई येते म्हणाली.

बसला गर्दी नव्हती. ताई खिडकीशी बसली. आपण इतक्या सहजपणे खोटं बोललो, याचं तिला नवल वाटत होतं. काही ठरवावं लागलं नव्हतं. समोरच्या माणसाचा चेहरा पाहिला आणि शब्द आपोआप बाहेर पडले. बारकूचंही असंच झालं असेल, हे तिला तिथे बसल्या बसल्या उमगलं. त्याच्यावरचा उरलासुरला राग तेव्हा गेला. मागे राहिलं ते नुसतं दुःख, आणि ते रागापेक्षा जड होतं, कारण त्यात आता दोष द्यायला कुणी नव्हतं.

घराजवळच्या थांब्यावर उतरून ती चालत दुकानापाशी आली. दारात एक गिऱ्हाईक कोट घेऊन ताटकळत उभं होतं. तिने कुलूप उघडलं, दिवा लावला आणि कोट हातात घेऊन त्याची उसवलेली शिवण तपासू लागली.